खुंटीवरची सुरी

पाजळेकाका हे नाव त्यांना कचेरीनं दिलं. विजेच्या मीटरच्या कचेरीत तक्रारी घेण्याच्या टेबलावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. अक्कल पाजळणारे तिथं पैशाला पासरी होते. सुरी पाजळणारे हे एकटेच. खणात धार लावायचा काळा दगड, वाटीत पाणी, मांडीवर फडकं. समोर तक्रारदार तळतळत असायचा आणि काका अर्धे डोळे मिटून कागद कापायचा चाकू दगडावरून फिरवत म्हणायचे, "बोला बोला, ऐकतोय." माणसं भराभर बोलून पायाला पाय लावून पळायची. साहेबांचा मात्र समज, काका तक्रारी फार झटपट निकालात काढतात. दोनदा कौतुकसुद्धा झालं.

धार बसली का हे काका डाव्या हातावरचे केस भादरून बघत. त्यामुळे उजवा हात चोपन्न वर्षांचा आणि डावा शाळकरी पोराचा. "बायकोनं पहिल्यांदा डावाच हात पाहिला," काका स्वतःच सांगतात, "तिथंच फसली बिचारी."

घरात ओट्याशेजारच्या खुंटीला एक लांब सुरी टांगलेली असे. दर रविवारी काका ती काढत, तिच्यावर तासभर खपत आणि पुन्हा टांगत. पुढच्या रविवारी बघावं तर धार जशीच्या तशी! "अगं, आठवडाभर वापरतेस आणि तरी काडीचा फरक नाही," काका म्हणत, "हाताला गुण असावा लागतो." काकू भाजी निवडता निवडता "हो ना" म्हणत. एवढंच.

मग तक्रारी फोनवर जाऊ लागल्या आणि टेबलासकट काका घरी आले. बसतात न बसतात तोच मेहुणा हजर. काकूंचा हा धाकटा भाऊ, एकेकाळी काकांनी त्याचा कान पिळून पाढे घेतलेले. आता त्याचं मालाचं मोठं गोदाम.

"भाऊजी, आमच्या फाटकावर या. खुर्ची आहे, पंखा आहे. गाड्यांचे नंबर लिहायचे आणि नुसतं बसायचं. तुम्हाला सवय आहेच!"

शेवटचं वाक्य काकांना झोंबलं. ते म्हणाले, "मी धार लावायचा धंदा काढतोय." म्हणजे तोपर्यंत काढत नव्हते, म्हणून टाकलं आणि अडकले.

काकूंनी निवाडा दिला. "तीन महिने घासा तुमचा दगड. घर चालण्याइतकं जमलं तर उत्तम. नाहीतर निमूट फाटकावर. मग कुरकुर ऐकणार नाही."

जिन्याखालच्या जागेत काकांनी टेबल मांडलं, पाटी लावली. पहिल्याच दिवशी अकरा सुऱ्या आल्या! काकांनी जीव ओतला. पिकलेला टोमॅटो पात्यावर नुसता ठेवला तर आपल्याच वजनानं दोन तुकडे होत. डाव्या हातावर केस उरेनात, तेव्हा पायावर उतरले.

दुसऱ्या दिवशी सुऱ्या अकरा आणि पट्टी बांधलेली बोटं नऊ.

झालं होतं असं, की जन्मभर बोथट सुरी दाबून कापायची सगळ्यांना सवय. तोच जोर त्यांनी या सुरीवर लावला. कांदा कापला, फळी कापली गेली, आणि मधलं बोट तर काय, वाटेतच होतं.

तळमजल्यावरचा औषधवाला स्वतः चहा घेऊन आला. "काका, धंदा सोडू नका हं. तुमचा चालतोय, पण माझा पळतोय!"

यावर काकांनी गप्प बसायचं की नाही? छे. ज्याचं बोट कापलं त्यालाच ते ऐकवू लागले. "बोथट सुरी जास्त लागते, कळलं का? सुरी बरोबर आहे, तुमचा हात चुकीचा आहे!" आता गिऱ्हाइकाला त्याचाच हात चुकीचा ठरवून कुणी धंदा केलाय? जिन्याखाली शुकशुकाट झाला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तर कात्रीसुद्धा लपवून नेत, न जाणो काकांची नजर पडायची.

मुदतीच्या शेवटच्या रविवारी मेहुणा आला तो नोंदवही आणि शिट्टी घेऊन. शिट्टी त्यानं टेबलावर ठेवली. काका तिच्याकडे बघेनात. इतक्यात मास्तरीणबाई आपली सुरी कागदात गुंडाळून परत द्यायला आल्या आणि मागोमाग मजा बघायला औषधवाला.

"ही घ्या तुमची तलवार," बाई म्हणाल्या, "आणि माझी बोथट होती तशी करून द्या."

काकांचा तोल गेला. "सगळ्यांनी वर चला! आमच्या हिनं जन्मभर माझ्या धारेची सुरी वापरली, अंगठ्याला ओरखडा नाही. तिचा हात बघा आणि शिका!"

सगळी वरात स्वयंपाकघरात. काका गरजले, "अगं, तुझी रोजची सुरी घे आणि टोमॅटो काप बघू."

काकू घुटमळल्या. "रोजची?"

"रोजची म्हणजे रोजची!"

काकूंनी एकदा खुंटीकडे पाहिलं. मग पिठाच्या डब्यामागे हात घातला आणि एक पिवळ्या मुठीची, गंजकी, बुटकी सुरी काढली. तिच्यानं टोमॅटो शांतपणे, जरा चिरडत कापला.

मास्तरीणबाईंनी पात्यावर अंगठा फिरवला. "अगंबाई! माझ्याहून बोथट."

"पहिल्या वर्षी तीनदा बोट कापलं," काकू फरशीकडे बघत म्हणाल्या. "पण हे एवढ्या हौसेनं लावायचे... कसं सांगणार? ती तिकडची पुसून ठेवते मी. धूळ बसते ना."

काकांच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. आठवडाभर टिकणारी धार. हाताचा गुण. संसारभराचे रविवार ते न वापरलेल्या सुरीला धार लावत होते!

आधी औषधवाला फिसकन हसला, मग काका स्वतः. हसता हसता खालीच बसले. "म्हणजे कचेरीत बिनकामाचा होतो तो होतोच, घरी रविवारीसुद्धा सुट्टी घेतली नाही मी!"

मेहुण्यानं संधी साधली. "मग भाऊजी, उद्यापासून फाटकावर?"

"थांब रे." काकांनी पिवळी सुरी उचलून उजेडात धरली. "हिला धार कोण लावतं?"

"मीच. कपाच्या बुडावर. महिन्यातून दोन हात, बस."

"दोनच?"

"तिसऱ्यानं बोट कापतं."

काका मास्तरीणबाईंकडे वळले. आवाज तक्रारीच्या टेबलावर कधी नव्हता इतका नरम. "बाई, तुम्ही कांदा कसा कापता, जरा दाखवता?" बाईंनी दाबून दाखवला. काका पहिल्यांदाच दुसऱ्याचा हात बघत होते, पातं नव्हे. बाईंच्या सुरीची धार त्यांनी ओट्याच्या कडेवर मोडली, मग कपाच्या बुडावर मोजून दोन हात दिले. तिसरा हात उठला, तो काकूंनी मनगट धरून खाली ठेवला.

बाईंनी कांदा कापला. बोट शाबूत. "आता बरी आहे हो!" म्हणत त्या गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत जिन्यात पाच सुऱ्या येऊन पडल्या. काकूंनी खाली येऊन भावाची शिट्टी त्याच्या खिशात घातली. "अजून एक महिना देते यांना."

तो महिना कधीच संपला. आता काका गिऱ्हाइकाकडून आधी काकडी कापून घेतात, मगच सुरीला हात लावतात. औषधवाला चहा पाठवत नाही. खुंटीवरची सुरी मात्र आहे तिथंच आहे, रविवारी तेवढी हौस काकूंनी राहू दिलीय. आणि काका कुणालाही बाही वर करून डावा हात दाखवतात. त्यावर आता चांगले दाट केस आलेत, निम्मे पांढरे.

"ही बघा," म्हणतात, "माझी कमाई."