दोष छपाईत शोधला

"ही रेघ सरळ असायला हवी होती. तुमच्या उजव्या डोळ्यात तिच्याखाली पाणी साचलंय," असं म्हणून चंद्रपूरच्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. चित्रात माझ्या डोळ्याच्या पडद्याचा आडवा छेद होता आणि मधोमध भाजल्यावर येतो तसा फोड.

मी पहिला प्रश्न विचारला, "तुमचं मशीन नीट आहे ना?"

बाई तरुण होत्या. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी डाव्या डोळ्याचं चित्र लावलं. तिथे फोड नव्हता. "मशीन तेच आहे," त्या म्हणाल्या.

आजाराचं नाव सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपथी. पडद्याच्या ज्या मधल्या भागाने आपण अक्षरं वाचतो, त्याच्याखाली पाणी झिरपतं आणि पडदा उचलला जातो. मग सरळ वस्तू वाकडी दिसते. नाव लांबलचक आहे, प्रकार एवढाच. पुढे त्यांनी विचारलं, "स्टेरॉइड घेता का? गोळी, इंजेक्शन, मलम, नाकातला फवारा, काहीही?"

"नाही," मी ठामपणे सांगितलं.

हे उत्तर चूक होतं. त्या चुकीसाठीच हे लिहिते आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, लेबलं, पावतीपुस्तकं. मशीन मारोती चालवतो, मजकूर जुळवणं आणि प्रूफं वाचणं माझ्याकडे. संध्याकाळी वाचनालयाचं पुस्तक. त्या दिवसांत एका सुईणीचं आत्मकथन आणलं होतं. आत्मकथनांवर माझा मुळात विश्वास नाही. चार वर्षांची असताना आजी काय बोलली ते शब्दाला शब्द कोणाला आठवतं? पण ही सुईण दर दोन पानांनी लिहायची, "हे मला नीट आठवत नाही." म्हणून मी तिचं पुढे वाचत राहिले.

चाळिसाव्या पानाच्या आसपास ओळी खचायला लागल्या. प्रत्येक ओळ मध्यावर आली की खाली वाकायची आणि पुढे पुन्हा वर यायची. मी ताबडतोब निदान केलं: छापताना कागद घसरलाय. पुस्तक घेऊन ग्रंथपाल निकुरेभाऊंकडे गेले.

"निकुरेभाऊ, हे चोरट्या छपाईचं पुस्तक आहे. ओळी पाहा, मधातच खचल्या."

त्यांनी पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं. "मले तं सरळ दिसून राह्यल्या, ताई."

"तुमचा चष्मा बदला."

"मागच्याच महिन्यात बदलला. तुमी छापखानेवाले, तुमाले दुसऱ्याचं छापलेलं कधी पटलं हाये काय?"

मी दुसरं पुस्तक मागितलं. एका निवृत्त तलाठ्याने आपल्या गावच्या तलावावरच्या पक्ष्यांबद्दल लिहिलेलं. त्याच्याही ओळी त्याच जागी खचल्या. मी दोन्ही पुस्तकांत छापणाऱ्याचं नाव पाहिलं. एक पुण्याचं, एक नागपूरचं. तरी माझा संशय गेला नाही, फक्त निकुरेभाऊंवर सरकला. ते कुठून तरी रद्दी माल उचलत असतील, असं मी ठरवलं.

मग आमच्याच मशीनवरून एक लग्नपत्रिका आली. मी मारोतीला हाक मारली, "नवरदेवाचं नाव खड्ड्यात पडलं की रे!"

त्याने नावाखाली पोलादी पट्टी ठेवली. "पट्टी पाहा, बाई."

पट्टीही मधे वाकलेली होती. मी तसं म्हणाले.

"मशीन वाकडी, पट्टी वाकडी, आता मी एकटाच उरलो," मारोती म्हणाला. "माह्यावर येण्याच्या आधी एक डोळा झाकून पाहा बरं."

उजवा झाकला. नवरदेव सरळ. डावा झाकला. नवरदेव खड्ड्यात, आणि त्याच्यावर करडा डाग. मी पदराने चष्मा पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हा कळलं होतं.

मारोतीचे आभार मी त्या दिवशी मानले नाहीत. इथे मानते.

तपासण्या दोन झाल्या. पहिली ओसीटी. मशीनसमोर हनुवटी टेकवून बसायचं, काही टोचत नाही, पाच मिनिटांत डोळ्याच्या आतलं चित्र मिळतं. दुसरी फ्लोरेसीन अँजिओग्राफी. हाताच्या शिरेत पिवळा रंग सोडतात आणि तो डोळ्यात कुठून गळतो त्याचे फोटो काढतात. थोडं मळमळतं. नंतर दिवसभर लघवी पिवळीजर्द होते. हे आधी सांगत नाहीत कधी कधी, म्हणून मी सांगते. घाबरू नका.

औषध मात्र काहीच दिलं नाही. "बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं तर लेझरचा विचार करू," डॉक्टर म्हणाल्या. चौकटी छापलेलं एक कार्ड दिलं. रोज एकेक डोळा झाकून चौकटी सरळ दिसतात का ते पाहायचं.

बसमध्ये मी नवऱ्याला, दिवाकररावांना, म्हटलं, "वाट पाहाले डॉक्टर कायले लागते? थे तं आपणबी करू शकतो."

पण मनात दुसरंच होतं. डाग राहिला तर प्रूफं बंद. प्रूफं मारोती वाचू लागला तर गावातल्या निम्म्या नवरदेवांची नावं बदलतील. आणि पुस्तकांचं काय? दोन्ही डोळे उघडे ठेवले तर पाच मिनिटांत डोकं धरायचं. डोळा झाकून जेवढं वाचता येई, तेवढं प्रूफांतच संपायचं.

म्हणून दुपारच्या जेवणानंतर दिवाकरराव मला वाचून दाखवू लागले. ते कोणतंही पुस्तक तहसीलची नोटीस वाचल्यासारखं वाचतात. चालेल म्हटलं. सुईणीचं पुस्तक निम्मं उरलं होतं. तिच्या स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणाचं प्रकरण आलं. ते एकदम थांबले, मग म्हणाले, "मंग पोरगी झाली. दोघीबी बऱ्या."

पुढच्या प्रकरणात ती सुईण वर्षभर एकाही बाळंतपणाला गेली नाही. लोक बोलवायला आले तर घराला कडी लावून बसायची.

"काऊन नाई गेली?" मी विचारलं.

"थकली असन."

"सुईण वर्षभर थकते काय? मागचं पान वाचा."

ते पुस्तक मिटून म्हणाले, "तिची पोरगी मेली त्यात. आधीच तुह्या डोळ्याचा ताप, कायले आयकवू म्हटलं."

मला राग आला तो मुलीच्या मरण्याचा नव्हे. त्या बाईने एवढ्या कष्टाने लिहिलेली पानं या माणसाने परस्पर गाळली होती. आणि एकदा गाळणारा माणूस आणखी काय काय गाळतो?

"डोळ्यात थेंब टाकून मले बाहेर बसवलं होतं, तेव्हा डॉक्टरनं तुमाले काय सांगितलं?"

"काई नाई."

"हेबी गाळून राह्यले काय?"

"अवं, तिनं पुन्हा इचारलं, घरी चूर्ण-बिर्ण घेते काय म्हणून. तुही गुडघ्याची पुडी माह्या ध्यानात आली. पण तू तं नाई म्हणून बसली होती. लोकाईच्या समोर तुले खोटं कसं पाडू?"

पुडी. मी उठून फडताळातून काढली.

त्याच्या आठ महिने आधी स्वतःला वैद्य म्हणवणारा एक माणूस लेबलं छापायला आला होता. मजकूर त्याने वहीच्या पानावर आणला होता. 'संपूर्ण वनौषधी. कोणतेही रासायनिक द्रव्य नाही.' शुद्धलेखन भयंकर होतं, मी बसून दुरुस्त केलं. माझे गुडघे धरलेले पाहून जाताना तो काही पुड्या ठेवून गेला. आठ दिवसांत दुखणं थांबलं. तेव्हापासून रोज सकाळी दोन चिमट्या, पुड्या संपल्या की बाजारातून नव्या.

मी भाजीवाल्याचा काटा तपासते. दुकानातल्या गोळीच्या पाकिटावरची तारीख भिंगाने पाहते. पण 'रासायनिक द्रव्य नाही' ही ओळ मी स्वतः जुळवली होती, दोनदा तपासली होती आणि बरोबर म्हणून सही केली होती. ती मला खरीच वाटली. गिऱ्हाईक सांगेल ते छापखाना छापतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरी वाटली.

पुडी घेऊन पुन्हा चंद्रपूर. डॉक्टरांनी ती उघडून पाहिली, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आत काय आहे ते प्रयोगशाळेशिवाय सांगता येणार नाही. पण आठ दिवसांत गुडघे थांबले, चेहरा गोल झालाय आणि डोळ्यात पाणी. मला स्टेरॉइडचा संशय आहे."

'सांगता येणार नाही' म्हणणारी ही बाई मला त्या क्षणी पहिल्यांदा आवडली.

मी पुडी तिथेच कचऱ्यात टाकायला निघाले, तर त्यांनी हात धरला. "आजपासून एकदम बंद करायचं नाही." हे नीट वाचा. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर माणूस कोसळू शकतो. त्यांनी मला फिजिशियनकडे पाठवलं. सकाळच्या रक्तात कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, फार कमी निघालं. मग पुडीऐवजी मोजून दिलेल्या गोळ्या, त्या आठवड्या-आठवड्याने कमी करत आणल्या.

सहाव्या आठवड्यात कार्डावरच्या चौकटी थोड्या सावरल्या. चौथ्या महिन्यात चित्रातला फोड बसला. उजव्या डोळ्याने पांढरा कागद अजून जरासा मळकट दिसतो. तेवढं राहील म्हणतात. गुडघे पुन्हा दुखतात. दुखू देत.

बरी झाल्यावर आधी गाळलेलं प्रकरण स्वतः वाचलं. साडेतीन पानं. नंतर तलाठ्याचं पुस्तक पूर्ण केलं. एका बदकाबद्दल तो लिहितो, "हे मी एकदाच पाहिलं, ओळखण्यात चुकलोही असेन." मधल्या काळात नात्यातल्या कोणीतरी डोळ्यांच्या व्यायामावरचं पुस्तक भेट दिलं होतं. त्याच्या लेखकाला बारा पानांत एकदाही शंका आली नाही. तेराव्या पानाला मी ते मिटलं.

लेबलवाला पुन्हा आला. "ताई, माल जोरात चाललाय. मागच्यासारखीच लेबलं काढा."

"तपासणीचा कागद दाखवा, मग काढते."

"छापखाना चालवता की चौकशी करता?" तो म्हणाला आणि निघून गेला. दुसरीकडे छापून घेईल, मला माहीत आहे. उरलेल्या पुड्या अर्जासोबत औषध प्रशासनाच्या कार्यालयात दिल्या. उत्तर अजून आलेलं नाही.

तोवर मी एक हँडबिल जुळवलं. 'या चूर्णाचे लेबल आमच्याकडे छापले होते. त्यावरील मजकूर खरा आहे की नाही, हे आम्ही पाहिले नव्हते. चूर्ण घेत असाल तर एकदम बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.' मारोतीने विचारलं, "खाली आपल्या छापखान्याचं नाव टाकाचं काय, बाई?" मोठ्या टाइपात टाक म्हटलं. आठवडी बाजारात आम्ही दोघांनी ते वाटलं.

तिसऱ्या दिवशी वैनगंगेकडच्या एका गावातून पार्बताबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई छापखान्यात आल्या. एका हातात पुडी, दुसऱ्या हातात हँडबिल. दोन्ही त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं.

"नातीनं वाचून दाखवलं. हे तुमीच छापलं?"

"हो."

"आन हेबी तुमीच?"

"हो."

"मंग यातलं खरं कोणतं? मले तं या पुडीनं चालता येऊन राह्यलं."

डोळ्याचं सगळं सांगितलं असतं, पण तेही माझंच सांगणं झालं असतं.

"माझं काहीच खरं धरू नका," मी म्हटलं. "पुडी घ्या. ग्रामीण रुग्णालय जवळच आहे, मी येते सोबत. डॉक्टरलाच विचारू."

पार्बताबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"थो डॉक्टर तुमच्या वळखीचा हाये काय?"

"नाही."

"मंग चला," त्या म्हणाल्या, आणि पुडी माझ्या हाताला लागू न देता त्यांनी स्वतःच्या कनवटीला खोवली.