नारूच्या बारवेवरची भिंत

सकाळी चहा पिता पिता अण्णांनी मोबाइल पुढे केला. कुणीतरी पाठवलेला फोटो होता. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, साफ करणं चालू होतं. "बघ, माझी भिंत फोडून राहिलेत. मला तिथं जायचंय."

अण्णा म्हणजे माझे सासरे. राज्याच्या आरोग्य विभागात आरोग्य सेवक होते. शनिवारी आम्ही दोघं नांदेडहून गाडी घेऊन निघालो.

लोह्यावरून अहमदपूर, पुढं चाकूर. रस्ता चांगला आहे. चाकूरहून आत वळलात की मात्र खड्डे सांभाळा, आणि पेट्रोल आधीच भरून घ्या. साडेतीन तास धरून चला. अहमदपूरला स्टँडसमोर भिजवलेल्या मुरमुऱ्यांची गरम सुशीला खाल्ली, वरून शेंगदाणे आणि लिंबू. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यावर आला होता.

वाटेत अण्णा नारूबद्दल सांगत होते. बारवेच्या पाण्यातून पोटात गेलेला जंत वर्षभरानं पायातून बाहेर यायचा, हातभर लांब. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सडायचा. तोच माणूस पायऱ्या उतरून पाण्यात शिरला, की जंत पाण्यात पिल्लं सोडायचा आणि अख्ख्या गावाला नारू. यावर ना लस होती ना गोळी. विभागानं गावोगाव पायऱ्यांच्या तोंडाशी भिंती घालून वाट बंद केली, पोहऱ्यानं शेंदायची सोय केली, विहिरीत औषध टाकलं, पाणी गाळायला फडकी वाटली, हातपंप बसवले. या गावातली भिंत अण्णांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती.

आम्ही पोचलो तेव्हा भिंतीचा वरचा थर निघाला होता. अण्णा काठी टेकत सरळ गवंड्यापुढं जाऊन उभे राहिले.

"काम थांबवा."

गवंडी गोंधळला. कडेला बसलेल्या एक बाई उठून आल्या. बचत गटाच्या कांताबाई. काम त्यांच्या गटानंच हाती घेतलं होतं.

"साहेब, वळखलं न्हाई का? मी कांता. गणपतरावाची पोरगी." त्यांनी लुगडं जरा वर केलं. पोटरीवर सुरकुतलेला पांढरा डाग होता. "तुमीच काडीवर काढला हुता. लई रडले मी."

अण्णा डागाकडं बघत राहिले. "तुझ्या बापानं कुऱ्हाड काढली होती माझ्यावर."

"हाव. लेकी-सुना खालच्या देवीची ओटी भरायच्या हितं. देवीची वाट बंद केली म्हणायचा. दुसऱ्या साली गावात एकाला बी नारू न्हाई झाला. तवा गप बसला."

"आणि तूच आता भिंत पाडतेस?"

"नळ हाय की घरोघर. हितलं पाणी कोन पितंय?"

"पायऱ्या मोकळ्या झाल्या की पाय बुडवणारच लोक."

अण्णा गवंड्यापुढून हलेनात. शेवटी कांताबाईच म्हणाल्या, "पाण्याच्या वर जाळी बसवू. कुलूप घालू. मंग?"

अण्णांनी काठीनं पाण्यापासून चौथी पायरी दाखवली. "जाळी तिथं. तिच्या खाली कुणी नाही."

मग गवंड्यानं काम पुन्हा सुरू केलं. वाट मोकळी झाल्यावर अण्णा माझा हात धरून त्या चौथ्या पायरीपर्यंत उतरले. तिथल्या कोनाड्यात देवीची छोटी मूर्ती होती. त्यांनी ती आजवर पाहिलीच नव्हती. नमस्कार केला नाही, पण चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दुपारी कांताबाईंकडं भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी जेवलो. पाणी नळाचं होतं. तरी अण्णांनी पेला उजेडात धरूनच प्यायला.

बारव बघायला अवश्य जा. कोरीवकाम साधं आहे, पण दगड शाबूत आहेत. नारूची मात्र कसलीच खूण तिथं दिसणार नाही. एखादा रोग घालवला, की दाखवायला मागं काय उरतं?

घरी येऊन मी हे मोबाइलवर लिहीत होते. 'नारू' लिहिलं की फोन दर वेळी 'नारळ' करत होता. वैतागून अण्णांना दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "राहू दे. त्याला माहीतच नसेल."