ठाण्याची मागची बाजू

आमच्या मामंजींना आगगाडीचं वेड होतं. कचेरीतून सुटले की ते आधी स्टेशनावर जात आणि कल्याणकडची गाडी मार्गी लावूनच घरी येत, जणू त्यांच्यावाचून ती हललीच नसती. त्या वर्षी त्यांनी मुंबईहून चावीची पत्र्याची गाडी आणली, रुळांसकट, आणि यंदा गणपतीपुढे आगगाडीची आरास करायची असं जाहीर केलं.

"गाडी ठाण्यातून चाललीय असं वाटलं पाहिजे. मागे गावातली घरं हवीत," ते सासूबाईंना म्हणाले. माझ्याशी ते थेट बोलत नसत. "सूनबाईला सांगा. तिचं चैत्रांगण बरं असतं."

मला त्यांच्या गाडीचं काडीचं कौतुक नव्हतं. मला कल्याणला जायचं होतं. लग्न झाल्यापासून मला माहेरी पाठवलं नव्हतं, कारण आमच्या लग्नात विहिणींच्या पंगतीत भात वाढून झाला तरी तूप आलं नव्हतं. तूप मागाहून आलं, पण सासूबाईंचा राग काही गेला नाही. वडील न्यायला आले की दर वेळी काहीतरी निघे, कधी सण, कधी पाहुणे, कधी नुसतंच वाकडं तोंड. मी मनाशी ठरवलं, आरास अशी करायची की मामंजी खूश होऊन आपणच मला पाठवतील.

रूळ मांडल्यावर भिंतीपर्यंत जेमतेम वीतभर जागा उरली. एवढ्यात खरी घरं कशी मावणार? तेव्हा सपाट घरं, नुसती एक बाजू. कापडवाल्याकडचे पुठ्ठे कापले, त्यांवर खळीने कागद चिकटवला, मागून कामट्यांचे टेकू दिले. कौलांना गेरू, भिंतींना चुना, आभाळाला नीळ, सावलीला काजळ. जवळची घरं मोठी काढली, लांबची लहान आणि फिकी. गाडी फिरली की सगळं गाव थरथरायचं, म्हणून टेकूंच्या बुडाशी कणकेचे गोळे दाबले. मग गाव शहाण्यासारखं उभं राहिलं.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मामंजींनी ते पाहिलं.

"ही कसली घरं? यांची दारं कुठं आहेत?"

दारं होती, पण मागची. गोठे होते, भिंतींवर थापलेल्या गोवऱ्या होत्या, शेवग्याची झाडं, वाळत घातलेली लुगडी, सगळं होतं. ठाण्यात आल्यापासून मी कुणाच्या पुढच्या दाराने आत गेलेच नव्हते. ओटीवर पुरुष बसलेले, तेव्हा आम्ही बायका हळदीकुंकवाला जायचो ते परसातून. मला गाव काढायला सांगितलं, मी मला ठाऊक होतं ते गाव काढलं. कुठलीच ओटी त्यात नाही हे सासूबाईंच्याही ध्यानात आलं नव्हतं.

आता बदलायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी माणसं आरतीला आली आणि आपापलं घर ओळखून एकमेकांच्या नजरा टाळू लागली. शेजारच्या वकिलांची माडी पुढून मोठी झोकदार होती, मागून तिला लाकडाचा टेकू होता. तो टेकूही मी हौसेने काढला होता. वकील प्रसाद न घेताच गेले. मामंजींचा चेहरा बघून मी कल्याणची आशा सोडली.

तेवढ्यात स्टेशनातले तिकीटबाबू आले. खाली वाकून बघत म्हणाले, "वा! गाडीतून ठाणं अगदी असंच दिसतं. सगळ्यांची पाठ रुळांकडेच."

मामंजींनी एकदा रुळांकडे, एकदा घरांकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणून तर मुद्दाम तसं काढून घेतलं."

तिथून पुढे ते येईल त्याला हे समजावून सांगू लागले. स्वारी इतकी खुशीत होती की मी धीर करून सासूबाईंकरवी कल्याणचं विचारलं. ते हसले. "कल्याणला कशाला जायला हवं? कल्याणच इथं आणू. तिला म्हणावं, पलीकडच्या कोपऱ्यात काढ."

मला असा संताप आला की पहिला पुठ्ठा वाकडाच कापला. पण काढलं. आमच्या घराचं परस काढलं आणि विहिरीपाशी घागर घेतलेली आई काढली. मग आमची गाडी दिवसभर ठाण्याहून कल्याणला जाऊ लागली आणि मी तिला चावी देत बसले.

गौरी गेल्यावर वडील दर्शनाला आले. ते शाळेत पंतोजी, खोटं बोललेल्या मुलांचे हात लाल करणारे. लेकीच्या घरचं पाणीही न पिता ते आरास बघत उभे राहिले. मामंजींनी अभिमानाने त्यांना त्यांचंच घर दाखवलं.

"हुबेहूब आहे," वडील म्हणाले. "पण ही आता विहिरीवर जात नाही. अंथरुणाला खिळलीय."

माजघरातून सासूबाईंचा आवाज आला, "उद्याच पाठवा पोरीला." तूपही त्या क्षणी विसरल्या बिचाऱ्या.

गाडीत मी सारा वेळ रडत होते, वडील खिडकीबाहेर बघत होते. घरी पोचले तर आई उखळात पोहे कांडत होती, घामाघूम. मी वडिलांकडे बघितलं. ते पगडी उतरवून खुंटीला लावण्यात गुंतले होते. सगळं ऐकून आई मला म्हणाली, "विचार यांना, देवासमोर मला आजारी पाडताना जीभ नाही अडखळली?"

"नाही," वडील म्हणाले.

चार दिवसांनी मामंजी समाचाराला येत असल्याचा निरोप आला. घाईघाईने आईला शाल पांघरून निजवली. "दिवसाढवळ्या आडवी होऊ? लोक काय म्हणतील?" ती पुटपुटत होती. मामंजी ओटीवर बसले, दारातूनच आत बघून हळहळले आणि सुनेला महिनाभर राहू द्या म्हणाले. ते वळणावरून दिसेनासे झाले तशी मी धावत आत गेले, शाल ओढली, आणि म्हणाले, "आई, ऊठ, गेले!"

ती गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात सैल पडलेले. आईला दिवसा झोपलेली मी जन्मात पाहिली नव्हती. वडील दाराशी आले, बघत राहिले, आणि पाऊल न वाजवता मागे फिरले. मी शाल परत पांघरली. पोहे कांडायचे राहिले होते, ते त्या दिवशी तसेच राहू दिले.