त्या घरचा चहा

माझं शिक्षण सलग झालंच नाही. सातवीत शाळा सुटली, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मग लग्न झालं, दोन मुलं झाली. नवरा नागपूरजवळ हिंगण्याच्या कंपनीत. त्याची बस गेली, मुलं झोपली, की ओट्यावर पुस्तक उभं करायचं आणि पोळ्या लाटत वाचायचं, असं करत मी बाहेरून मॅट्रिक झाले आणि पुढे बारावीही. शिकवायला कुणी नव्हतं. गणिताचं उत्तर चुकलं की आधी पुस्तकच चुकलं असेल असं मला वाटायचं, एवढा माझा आत्मविश्वास.

तेव्हा समाजकार्याच्या पदवीला प्रवेश घेतला तो सत्ताविसाव्या वर्षी. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वर्गातल्या मुली मला आधी काकू म्हणायच्या, दिवाळीपर्यंत ताईवर आल्या. समाजकार्य म्हणजे नेमकं काय, हे अर्ज भरताना मला माहीत नव्हतं, हे आज सांगायला हरकत नाही. कॉलेज सकाळचं होतं आणि सासूबाई मुलांना बघायला तयार होत्या, म्हणून तो अर्ज भरला.

आठवड्यातले चार दिवस वर्गात आणि दोन दिवस वस्तीत, अशी त्या शिक्षणाची पद्धत. वस्तीतल्या कामाला फील्डवर्क म्हणायचे. ज्या कुटुंबासोबत काम करायचं ते आपलं क्लायंट. भेट झाली की घरी येऊन वहीत सगळं उतरवायचं: कोण काय बोललं, आपण काय बोललो, आपल्याला काय वाटलं. ती वही दर शनिवारी कॉलेजातल्या आमच्या मॅडम वाचायच्या आणि समोर बसवून एकेक ओळ विचारायच्या. मी आज जे काही लिहिते ते त्या वहीनं शिकवलेलं आहे, दुसरं कुणी नाही.

मॅडमचा एक नियम होता. क्लायंटच्या घरी काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. कारण त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. आज चहा, उद्या जेवण, मग ज्याच्या घरी जेवलो त्याचं काम आधी. मला ते पटलं होतं. मी वहीच्या पहिल्या पानावर तो नियम लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मला मिळालेलं घर उत्तर नागपुरातल्या एका बौद्ध वस्तीत होतं. नवरा गिरणीत, बायको घरी विड्या वळायची. वयानं माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणायचे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बाजूला तिची थोरली मुलगी पत्र्याच्या मापावर तेंदूची पानं कापत बसलेली. ही मुलगी सातवीत होती. शाळा उघडून तीन महिने झाले तरी ती गेली नव्हती. तिला परत शाळेत बसवणं हे माझं काम.

सातवी ऐकल्यावर मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजून घ्या.

पाचसहा भेटी झाल्यावर ताई एवढंच म्हणाली, "शाळेत विचारून तर या, घेते काय तिले." म्हणून एका सकाळी मी मुलीला घेऊन शाळेत गेले. हेडमास्तरीणबाईंनी मला खुर्ची दिली, शिपायाकडून चहा मागवला. मुलगी दाराशी उभी. बाई म्हणाल्या, दिवाळीच्या सुट्टीआधी आणून बसवा, नाहीतर नाव पटावरून काढावं लागेल. मी चहा प्यायले, आभार मानले आणि तशीच मुलीबरोबर तिच्या घरी गेले.

ताईनं ऐकलं. सूप खाली ठेवलं. मुलीला डोलची देऊन दूध आणायला पिटाळलं. फळीवरून फुलांची कपबशी काढली, पदरानं पुसली. त्या घरात तसली ती एकच कपबशी होती. स्टोव्ह पेटवला, आलं ठेचलं. मी बघत होते आणि मनात नियम घोळत होता. चहा समोर आला आणि मी हात जोडून म्हटलं, "नको ताई, मी घेत नाही."

"घेत नाही म्हणजे?"

"नको. खरंच नको."

तिनं माझ्याकडे पाहिलं, कप उचलला आणि आत नेला. मी बसस्टॉपवर आले ते खुशीत. मुलगी शाळेत जाणार होती आणि नियमही मोडला नव्हता.

पुढच्या भेटीला मुलगी दारातच आडवी आली. "आई नाही घरी." आतून कात्रीचा आवाज येत होता. त्याच्या पुढच्या भेटीलाही तेच, तोच आवाज. मी वहीत लिहिलं, क्लायंट प्रतिसाद देत नाही. शनिवारी मॅडमनी त्याखाली लाल शाईनं लिहिलं, का?

दिवाळीला तीन आठवडे उरले होते. तिसऱ्यांदा परत फिरले तेव्हा मुलगी माझ्या मागे बसस्टॉपपर्यंत आली.

"मॅडम, एक विचारू काय?"

"विचार."

"शाळेत तुमी चहा घेतला. मंग आमच्या घरी काहून नाही घेतला?"

"कॉलेजचा नियम आहे."

"शाळेत नियम नव्हता काय?"

हेडमास्तरीणबाई आमच्या क्लायंट नव्हत्या, हे खरं होतं. पण बारा वर्षांच्या मुलीला ते कसं सांगणार होते मी? ती म्हणाली, "आई म्हणते, सारे तसेच असते. तुमी फक्त वही घेऊन येता."

बस आली, मी चढले, आणि मला आमच्या गांधीबागेतला कप आठवला. माझं माहेर तिथलं, कापडाच्या दुकानामागे. गाठी उतरवायला येणाऱ्या हमालांपैकी एकासाठी दाराबाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेला कप पालथा ठेवलेला असायचा. त्यात वरून चहा ओतायचे. पिऊन झाला की तो स्वतःच विसळून पुन्हा पालथा घालायचा. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. मला लहानपणी वाटायचं, तो कप त्याच्या आवडीचा आहे. ताईच्या लोकांनी छप्पन्न साली ते सगळं मागे टाकून दीक्षा घेतली, आणि मी तिच्या घरात बसून, तिनं पुसलेल्या कपाला हात न लावता उठले.

आणखी एक गोष्ट आहे. ती वहीत लिहायला मला दोन दिवस लागले. फील्डवर्कहून घरी आले की सासूबाई म्हणायच्या, "आधी अंघोळ कर वं, मंग स्वयंपाकघरात ये." मी करायचे. वस्तीतली धूळ, तंबाखूचा वास, असं मीच मला सांगायचे. गांधीबागेतल्या मैत्रिणीकडून आले तरी धूळ असायचीच, पण तेव्हा कुणी अंघोळीला पाठवत नव्हतं. त्या दिवशी नको म्हणताना मला नियम जड गेला नव्हता. सोपा गेला होता. मॅडमच्या लाल "का"खाली मी हे लिहिलं.

शनिवारी मॅडमनी ते पान वाचून चष्मा काढला. मला वाटलं, आता गुण गेले.

"हे मला आजपर्यंत कुणी लिहून दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "नियम मी एका दिवसात बदलू शकत नाही. पण तुम्ही तिथे जे कराल ते असंच खरं लिहा."

सोमवारी मी गेले. मुलीनं "आई नाही" म्हणायच्या आत मी आवाज दिला, "ताई, पाणी द्या."

कात्री थांबली. ताई दारात आली. "आमच्या घरचं पाणी चालते काय तुमाले?"

"चालतं. त्या दिवशी चुकलं माझं."

"काय चुकलं?"

तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ते बरोबरच होतं. मी म्हटलं, "कॉलेजचा नियम होता, हे खरं आहे. पण नियम नसता तरी कदाचित मी नकोच म्हटलं असतं. ते चुकलं."

ती दारातून बाजूला झाली. मग मुलीला म्हणाली, "दे वं, पाणी दे तिले." मी ग्लासाला तोंड लावून प्यायले. "चहा नाही भेटत आज. दूध नाही," ताई म्हणाली. डोलची कोपऱ्यात भरलेली होती, तिलाही दिसत होती, मलाही. "बसायचं असन त पानं कापा."

बसले. ओलं पान मापावर धरायचं आणि कडेनं कात्री फिरवायची, दिसायला सोपं. माझी पानं करवतीनं कापल्यासारखी निघाली. मुलगी हसून लोळायची बाकी राहिली. "आई, मॅडमले कात्री धरता येत नाही." ताई म्हणाली, "वही धरता येते ना, बस झालं." तासाभरात अंगठ्याला फोड आला. ही मुलगी शाळेत गेली तर ताईचं काय जातं, हे मला तोपर्यंत कुठे ठाऊक होतं. माझ्या वहीत त्याला "पालकांची उदासीनता" म्हटलेलं होतं. घरी जाऊन ते शब्द खोडले.

पुढच्या भेटींमध्ये शाळेचा विषय मी काढला नाही. पानं कापली. बोलता बोलता माझी सातवी निघाली. ताईनं विडीचा दोरा दातात धरून विचारलं, "अन् मंग इथपर्यंत कशी आली तू?" ओट्यावरचं पुस्तक, पोळ्या, सगळं सांगितलं. तू म्हणाली ती मला, हे बसमध्ये माझ्या लक्षात आलं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी गेले तर ताई चांगलं लुगडं नेसून बसलेली. मुलगी शाळेच्या कपड्यात, ते आखूड झालेले. "तू नको नेऊ," ताई म्हणाली. "मीच नेतो. तू संगं चाल."

हेडमास्तरीणबाईंनी पट उघडला. नाव अजून होतं. त्यांनी त्या दिवसाच्या खान्यात हजेरी लावली आणि शिपायाला हाक मारली, "मॅडमसाठी चहा आण."

"दोन सांगा," मी म्हटलं.

"मले नको," ताई शांतपणे म्हणाली. "मी घरून पिऊन आली."

एकच कप आला. तो मला एकटीला प्यावा लागला. तेवढा वेळ लागलेला चहा मी आयुष्यात दुसरा प्यायले नाही. ताई माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीतून मुलीचा वर्ग दिसत होता, तिकडे बघत होती.

फाटकाबाहेर आल्यावर तिनं विचारलं, "कसा होता वं चहा?"

"पाणचट."

"मंग घरी चाल. आज दूध आहे."

फुलांची कपबशी पुन्हा खाली आली. तिनं कप भरला, त्यातला अर्धा बशीत ओतला. कप माझ्यापुढे सरकवला, बशी स्वतः घेतली. मी पहिला घोट घेतला तेव्हा ती म्हणाली, "पी लवकर. अन् मंग कात्री घे. पोरगी शाळेत गेली, पानं तशीच पडून आहेत."