लुंगीचं दुसरं टोक

इझाबेलने जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवले. शिरोड्यातल्या तिच्या वाडीत ज्या पोरीने पहिल्या कम्युनियनला पांढरा झगा घातला, तिचा झगा इझाबेलच्याच मशीनवरून उतरला असं खुशाल समजावं. बाई हाताने चोख, जिभेने तिखट. नवरा प्लासिद जहाजावर स्वयंपाकी होता. तिथे हुकूम ऐकून ऐकून विटलेला हा गडी निवृत्त होऊन घरी आला, तो येताना काखेत कुत्र्याचं एक पिल्लू घेऊनच. त्याचं नाव त्याने ठेवलं कॅप्टन. आता कॅप्टनला मी हुकूम देणार, असं तो वाडीभर सांगत फिरला. प्रत्यक्षात खुर्चीत कॅप्टन झोपायचा आणि प्लासिद पायरीवर विडी ओढत बसायचा.

घरात पाण्याची घागर हलवायची वेळ आली की प्लासिदची कंबर हटकून धरायची. नेमाने तो एकच काम करी. तिन्हीसांजेला कॅप्टनला घेऊन वाडीच्या टोकाच्या खुरसापाशी, म्हणजे तिथल्या जुन्या दगडी क्रुसापाशी जायचं आणि मेणबत्ती लावायची. असं बारा-तेरा वर्षं चाललं, आणि मग ईस्टरच्या आधी तो झोपेतच गेला. त्यानंतर खुरसाकडे कोणी गेलं नाही. इझाबेल देवावर रागावली होती की नवऱ्यावर, तिचं तिलाच ठाऊक. ती रडलीही नाही. महिन्याच्या मिसेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, गेलेल्याचे कपडे वाटून टाकायची वाडीची रीत, तीही तिने मोडली. सगळे कपडे कपाटात कोंबले आणि चावी फिरवली.

पावसाळा सरता सरता कॅप्टनचे मागचे पाय लुळे पडले. गुरांच्या डॉक्टरने घरी येऊन पाहिलं, दुखण्यावर गोळ्या दिल्या. वयाची झीज आहे, म्हणाले, उलटणार नाही, पण घरातली नीट व्यवस्था त्याला उभा ठेवील. अजिबात उभा राहीना झाला, तर मात्र इंजेक्शनचा विचार करा. वास्कोहून मुलगा क्लाइव्ह फोनवर तेच म्हणाला, आणि वर म्हणाला की मग तू आमच्याकडे ये. त्याच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याला बंदी होती. कॅप्टन गेला की आपलं हे घरही सुटलं, हे इझाबेलला लख्ख कळलं. त्या भीतीनेच ती कामाला लागली.

क्लाइव्हने हौसेने बसवलेल्या गुळगुळीत लाद्यांवर कॅप्टनचे पाय फाकायचे. तिने गोणपाट कापून, कडा शिवून अंथरुणापासून दारापर्यंत वाट घातली. पायरीवर फळी टाकली आणि तिला काथ्याची दोरी गुंडाळली, पाय घसरू नये म्हणून. मान वाकवावी लागू नये म्हणून जेवणाचं ताट पाटावर ठेवलं. नखं कापली. फरफटणारा पाय सोलवटू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा मोजा शिवला. पडून पडून चट्टे येऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळाने ती त्याला कुशीवरून वळवायची आणि वर शिव्याही घालायची.

उरला प्रश्न चालण्याचा. पोटाखालून कापड घालून दोन्ही टोकं पाठीवर धरली की मागचं अंग उचलून धरता येई. कापड मऊ हवं आणि दमाचंही हवं. तिने कपाट उघडलं आणि धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली प्लासिदची निळ्या चौकड्यांची लुंगी काढली. संध्याकाळी फिरवायच्या आधी ती कॅप्टनच्या पाठीवर तिची सैल गाठ मारून ठेवी.

एका तिन्हीसांजेला ती घरातल्या आल्तारापुढे, क्रुसाच्या देव्हाऱ्यापुढे, जपमाळ घेऊन तेर्सची प्रार्थना म्हणत होती. मागे फळी कुरकुरली. तिने मान वळवली. कॅप्टन चालत होता.

मागचे पाय अजून लुळेच होते, जमिनीला जेमतेम टेकत होते. पण पाठीवरची गाठ वर ओढली गेली होती आणि लुंगी पोटाखाली ताणून बसली होती. कॅप्टन मान वर करून डाव्या अंगाला बघत होता, उभ्या माणसाचा चेहरा जिथे असतो तिथे. कान मागे, शेपूट हलतंय. वारा पडलेला, माडाची झावळी हलत नव्हती. इझाबेलच्या बोटांत जपमाळेचा मणी अडकून राहिला.

अंधार व्हायच्या आत कॅप्टन परत आला आणि अंथरुणावर टेकला. गाठ ढिली पडली. मोज्याला तांबडी माती लागली होती. तिने धीर करून त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तर केसांत मेणाचा एक थेंब. अजून कोमट होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. मग मात्र तिने शेजारच्या सीताला सांगितलं. सीताने लुंगी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"गेलेल्या माणसाचा कापाड जित्या जनावराक बांदतत काय गो? तो आता हात सोडूचो नाय. एक दिस घेवनच जातलो."

इझाबेल भुताखेताला हसणारी बाई, पण त्या दिवशी तिला हसू आलं नाही. तिने लुंगी सोडून घडी घातली, कपाटात ठेवली आणि क्लाइव्हने पाठवलेला, मागचं अंग उचलायचा विकतचा पट्टा कॅप्टनला बांधला. पट्टा चांगला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण कॅप्टन उठेना. ती ओढायची आणि तो ओल्या गोणीसारखा लोंबायचा. तिन्हीसांज झाली की दाराकडे तोंड करून बारीक आवाजात कुंई कुंई करायचा. मग त्याने खाणं सोडलं. पेजेत सुका बांगडा कुस्करून घातला तरी तोंड फिरवलं. डॉक्टरांना फोन करायची वेळ आली होती, आणि तिचा हात फोनकडे जात नव्हता.

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. लुंगी बांधावी तर प्लासिद नेणार, न बांधावी तर इंजेक्शन. सारा दिवस तिने मशीनपुढे नुसतं बसून काढला. उन्हं कलली तशी ती उठली, लुंगी काढली, कॅप्टनच्या पोटाखालून घातली. गाठ मात्र मारली नाही. एक टोक स्वतःच्या हातात घेतलं, दुसरं त्याच्या डाव्या अंगाला तसंच सोडलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाली,

"तेका फिरवून हाड, पण परत घेवन ये. माका एकटी ठेव नको."

सोडलेलं टोक खाली पडलं नाही.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला, पण तिने हात सोडला नाही. कॅप्टन उभा राहिला. फळीवरून ती दोघं खाली उतरली, अंगण ओलांडलं, कुंपणाकडेची पाणंद धरली. ओझं नेमकं अर्धं होतं. कापड घेऊन ओढ्यावर पिळताना दोन बायका दोन बाजूंनी धरतात, तसं. थोडं पुढे गेल्यावर भीती ओसरली आणि तिच्यातली जुनी इझाबेल जागी झाली.

"जितो आसताना माजी एक घागर कधी उचललंस नाय," ती म्हणाली, "आणि आता कुत्रो उचलतंस."

पलीकडून नुसता विडीचा वास आला.

खुरसाच्या पायाशी मेणबत्तीचं एक बुटकं थोटूक होतं. इझाबेलने काडी ओढली, ते पेटवलं, आणि इतक्या महिन्यांत न म्हटलेली प्रार्थना एकदाची म्हटली. कॅप्टन शेजारी टेकून ज्योतीकडे बघत होता. मग तिने आपलं टोक उचललं आणि घराकडे वळली.

आणि तिच्या हाताला हिसका बसला. दुसरं टोक मातीत पडलं होतं. कॅप्टनचं सगळं वजन तिच्या एका हातावर आलं होतं.

तिने वळून पाहिलं. खुरसापाशी ज्योत सरळ उभी होती, बाकी कोणी नव्हतं. कॅप्टन त्या बाजूला बघून एकदा शेपूट हलवून थांबला, आणि मग त्याने मान वळवून इझाबेलकडे पाहिलं. प्लासिदने तिचा शब्द पाळला होता. कुत्रा त्याने परत दिला होता आणि स्वतः मागे राहिला होता.

तिने वाकून मातीतलं टोक उचललं, झटकलं, दोन्ही टोकं एकत्र धरली. कॅप्टन फार जड होता. त्या जड कुत्र्याला उचलून धरत इझाबेल पाणंदीने घरी निघाली, आणि प्लासिद गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.