लेक जावेच्या अंगावर

माझ्या माहेरी आई विड्या वळायची आणि वडील नवी पेठेत कापडाच्या गाठी वाहायचे. आमच्यात सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी बी.ए. झाले. हे मी आजही जरा मोठ्यानंच सांगते, कारण त्यासाठी काय काय सोसावं लागलं ते माझं मला ठाऊक. पण लग्न झालं ते दुष्काळाच्या साली, आणि सासरी त्या पदवीचं कुणी काय करणार? दोन खोल्या, सात माणसं. रेशनवरचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, दळून आणायचा, आणि त्याची भाकरी थापता थापता तुटायची. सासरे आणि मोठे दीर कापडगिरणीत, आमचे हे एका दुकानात कारकून. अशात दुसऱ्या वर्षी मला जुळं झालं. एक मुलगा, एक मुलगी. आईकडं एकच खोली, म्हणून बाळंतपणही सासरीच झालं.

मुलगा बरा होता. मुलगी मात्र मांजराच्या पिल्लाएवढी. माझ्या अंगावर दूध बेताचंच, एकालाच कसंबसं पुरणारं. वरच्या दुधानं तिला जुलाब लागले, आणि डब्यातली पावडर आमच्या ऐपतीबाहेरची.

थोरल्या जावेचा मुलगा तेव्हा नऊ महिन्यांचा होता आणि तिला दूध भरपूर. ती अक्कलकोटकडची, निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारी. मला ती तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. मी तिला अक्का म्हणायचे. तिला स्वतःची सहीसुद्धा येत नव्हती.

बाराव्या दिवशी सासूबाईंनी निकाल दिला. "पोरगा तू पाज. पोरगी रातच्याला थोरलीकडं दे. जगू तरी दे तिला."

मी मान हलवली. पण दिवस तरी माझा, असं मनाशी धरून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला वेळापत्रक केलं. तसं एका पुस्तकात वाचलं होतं. दर तीन तासांनी पाजायचं, आधी मुलगी, मग मुलगा. घरात एकच घड्याळ, तेही यांच्या मनगटावर दुकानात जायचं. म्हणून मी वेळा गिरणीच्या भोंग्यावर बसवल्या, मधल्या वेळा उन्हाच्या अंदाजानं.

अक्का कागदाजवळ येऊन उभी राहिली.

"तंगी, ह्यात काय लिवलंस गं?"

"बाळांना पाजायच्या वेळा."

"आन् बाळास्नी वाचाया येतंय का?"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी तरी त्या कागदाप्रमाणंच पाजत राहिले. पण त्या आठवड्यात गिरणीच्या सुट्टीचा दिवस आला आणि भोंगा झालाच नाही. दोन्ही पोरं रडतायत आणि मी आपली कान लावून बसलेय. शेवटी अक्कानं मुलीला माझ्या मांडीवरून उचललं.

"गिरणीला सुट्टी हाय गं, पोरीच्या पोटाला न्हाय की!"

त्यानंतर दिवसाचं पाजणंही हळूहळू तिच्याकडंच गेलं. मुलगी भरली. गालाला मांस आलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी जळायचे. दुसरा शब्द नाही त्याला. आमच्या दोन खोल्यांमध्ये जुन्या लुगड्याचा पडदा होता. रात्री त्याच्या पलीकडून मुलीचे घोट ऐकू यायचे, घटाघटा, भराभरा. इकडं मुलगा माझं ओढून ओढून दमायचा, रडायचा, परत ओढायचा. मी ते घोट मोजत पडून राहायचे.

तिसऱ्या महिन्यात मुलगी पहिल्यांदा हसली ती अक्काकडं बघून. तिच्या बांगड्या वाजल्या की माझ्या मांडीवरची मुलगी मान वळवायची. नळावर अक्काच्या खांद्यावरची मुलगी बघून एक नवखी बाई तिला म्हणाली, "लेक तुझ्यावरच गेलीय की. नाक बघ." अक्का नुसती हसली. 'माझी नाही ती' एवढं म्हणायला तिचं काय जात होतं? मी अर्धाच भरलेला हंडा उचलून घरी आले.

त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "आजपासून ती माझ्याजवळ झोपेल."

अक्का म्हणाली, "बरं." एवढंच.

मुलीनं माझं तोंडात धरलंच नाही. वास घ्यायची, तोंड फिरवायची आणि किंचाळायची. सासरे पाळीवरून आले तरी तिचं चालूच होतं. "कालेजात लेकरं उपाशी ठेवाया शिकिवत्यात व्हय?" ते म्हणाले. तरी मी मुलगी अक्काकडं दिली नाही. उजाडता उजाडता तिचा आवाज बसला, तेव्हा मात्र घाबरले आणि पडद्यापलीकडं नेऊन दिली. अक्का जागीच होती. तिनं पदर घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, जिंकली ही.

चार दिवसांनी दुपारी बघते तर अक्का पाट्यावर कडुलिंबाचा पाला वाटत बसलेली. पोराचं अंगावरचं तोडायचं असलं की बायका तो लावतात. तिचा मुलगा आता वर्षाचा झाला होता, मला वाटलं त्याच्यासाठीच. तिनं लेप लावला आणि आधी मुलीलाच जवळ घेतलं. मुलीनं तोंड लावलं, चेहरा वेडावाकडा केला आणि टाहो फोडला. अक्कानं तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"घे. माझं कडू झालंय आता."

"अक्का, हे काय केलंस? ती पीत होती की तुझं!"

"पीत हुती म्हणूनच. मी हाय तवर ती तुझं वढायची न्हाय, आन् वढल्याबिगर तुला दूध कुटनं यायचं?"

मुलगी दीड दिवस भांडली, चमच्यानं साखरपाणी तेवढं घ्यायची. अक्का बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायची. तिची छाती दगडासारखी झाली होती, लुगड्याची पट्टी आवळून बांधली होती, अंगात ताप होता. तिचा मुलगाही पदराला लोंबकळून रडायचा. त्याला ती वरणात भाकरी कुस्करून भरवायची. दुसऱ्या संध्याकाळी मुलीनं हुंदके देत देत माझं धरलं. मी अक्काला हाक मारली नाही. पडद्याच्या फटीतून तिनंच बघितलं आणि मागं फिरली.

मी तिचे आभार मानले नाहीत. खरं सांगायचं तर मला तिचा तो मोठेपणाही सोसला नाही. माझी मुलगी मला परत मिळाली तीसुद्धा हिच्याच हातानं, हे कितीतरी दिवस आत सलत राहिलं. मुलीला घेऊन मी मुद्दाम तिच्या देखत बसायचे. ती बघायची आणि आपलं काम करायची.

दोन्ही पोरं आळीपाळीनं ओढायला लागल्यावर आठवड्याभरात माझं दूध वाढलं. त्यानंतर जुळी वर्षाची होईपर्यंत दोघंही माझ्याच अंगावर प्यायली, आणि मुलीला वरच्या दुधाचा थेंबही द्यावा लागला नाही.