कॉलरच्या आतलं लेबल

गल्लीतल्या शिंपीकाकांना एकच खोड होती. शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरमध्ये ते आपल्या दुकानाचं लेबल दुहेरी शिलाईनं पक्कं बसवायचे. घरातल्या उशांचे अभ्रेसुद्धा त्यातून सुटले नव्हते. "एक दिवस मलाही लावाल," असं काकू म्हणायच्या.

मग डोंगरपट्ट्यातला एक जहाल पुढारी पकडला गेला. त्याच्या कोटाची कॉलर उलटली, तर आत काकांचं लेबल. सहा वर्षांपूर्वी तो माप देऊन गेला होता. त्याची मतं काकांनी काही विचारली नव्हती. छाती अडतीस, एवढंच वहीत लिहिलं होतं. टीव्हीवरच्या एका थोर राजकीय विश्लेषकांना तेवढं पुरलं. त्यांनी फळ्यावर पुढाऱ्याचं नाव लिहिलं, काकांचं लिहिलं आणि मध्ये झोकात बाण काढला. बाण काढला की पुरावा झाला, त्याला आणखी काय लागतं? काकांनी जन्मात डोंगरपट्टा पाहिला नव्हता. तेच तर सगळ्यात संशयास्पद ठरलं.

गिऱ्हाईकं दिलेलं कापड न शिवताच परत नेऊ लागली. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "काका, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण गणवेशांचं सोमवारी ठरवू. जरा वातावरण निवळू दे." गणवेश हातचे गेले की दुकानाला कुलूप, हे काकांना कोणी सांगायला नको होतं.

शनिवारी दुपारी तेच विश्लेषक स्वतः दुकानाच्या मागच्या दारानं आले. हातात पाच कोट, सगळे काकांनीच शिवलेले. हेच घालून ते टीव्हीवर गरजत असत.

"एवढी लेबलं काढून द्या," ते हळूच म्हणाले.

"आणि माझं काय, साहेब?"

"आज बोलतो ना तुमच्याबद्दल. शब्द देतो."

तीस वर्षांत काकांनी आपली शिलाई पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं उसवली. जिवावर आलं होतं, पण आशा वाईट. कोटांना इस्त्रीही करून दिली.

संध्याकाळी काका-काकू टीव्हीसमोर बसले. साहेबांनी कोट सारखा केला आणि दिलेला शब्द पाळला.

"खात्रीलायक सूत्रांकडून कळतं," ते म्हणाले, "की हा शिंपी आता कोटांतली लेबलं काढून पुरावे नष्ट करतोय."

बाई सोमवारपर्यंत थांबल्या नाहीत. त्यांचा फोन जाहिराती संपायच्या आतच आला.